टाकीमागचा निसर्ग

५ जानेवारी
आजपासून निसर्ग. सोडून जाताना सावनी म्हणाली, तुझ्यात संतापाखेरीज काही उरलेलं नाही. शांत झालास तर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येईन, मग बघू. मी शांतच आहे. आतून तर पार सुन्न. कॉलेजसुद्धा शांतपणेच सोडलं. एचओडींच्या केबिनची काच जुनी होती.
जयपूरला मी तिच्यासाठी आलेलो नाही. उन्हाळ्यात बाबांची बँकेतून इथे बदली झाली. तिची नोकरी इथे आहे, हा योगायोग.

७ जानेवारी
इथल्या झालाना जंगलाच्या कडेने अनवाणी चाललो. झाडाला मिठी मारायची होती. बाभूळ निघाली. तिला चार शब्द सुनावले.

९ जानेवारी
लेख वाचला. माणूस निसर्गापासून तुटला तो कपड्यांमुळे. परदेशात लोक काहीही न घालता उन्हात पडतात आणि निवतात. आमच्या तिलक नगरच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सोय आहे. आज फक्त मोजे काढले. पाय बधिर. प्रगती.

११ जानेवारी
शर्ट काढला. कुणाचा तरी कटलेला पतंग डोक्यावर पडला. फाडला. शांतपणे.

१३ जानेवारी
शेजारचे रणजितभैया म्हणाले, कल किसी के घर जाओ, अंदर कोई नहीं मिलेगा. म्हणजे सगळे गावाला. उत्तम. उद्या संपूर्ण. सकाळी अकरा वाजता सावनी येईल तोवर मी नवा माणूस.

१४ जानेवारी, पहाटे ६
धुकं. चिटपाखरू नाही. सगळं काढलं. ऊन येईपर्यंत रजई. कापूसही निसर्गच. कानात इयरफोन, त्यात पक्षी.

दुपारी १२
झोप लागली. अंगाला ऊन लागलं तशी डोळे मिटूनच रजई फेकली. उभा राहिलो. हात पसरले. मग डोळे उघडले.
इथे संक्रांतीला अख्खं शहर पतंग घेऊन गच्चीवर असतं, हे मला कुणीही सांगितलं नाही. रणजितभैयांकडे तर माइक होता. भाईसाब, ठंड लग जाएगी, म्हणाले. सगळ्या गच्च्या हसल्या.
रजई गुंडाळून मी त्यांचा, माइकचा, पतंगाचा उद्धार केला. दहा मिनिटं. त्यांचा मांजा हाताने तोडला. वळलो, तर जिन्याच्या दारात सावनी. आईनेच वर पाठवलं होतं, ध्यान करतोय म्हणून.
सावनी म्हणाली, शांत झालाय असं काकू म्हणाल्या. डबा पायरीवर ठेवून गेली.

१५ जानेवारी
आईने विचारलं, रजईला रक्त कसलं रे? मांज्याने बोट कापलंय. खोल. मला कळलंच नव्हतं.
डब्यात सहा लाडू. एक खाल्ला. गोड असावा.
मोजे घालून बसलोय.