व्यायामाचं अर्धं क्रेडिट

प्रिय पप्पा,

तुम्ही गेल्यावर तुमचं बफेलोचं घर आवरतेय. टीव्हीवरचं निळं फोल्डर आज पहिल्यांदा उघडलं. एकोणऐंशीच्या जूनमध्ये शाळेच्या निरोप समारंभात स्टेजवर माझ्या हातात दिलं, तेव्हा ते रिकामं होतं. सगळ्यांचंच रिकामं असायचं; हायस्कूल पास झाल्याचा खरा डिप्लोमा नंतर ऑफिसातून न्यायचा. मी गेलेच नाही. इतिहास, गणित, राज्याच्या परीक्षा, सगळ्यांत पास. आणि अडले कुठे, तर उड्या मारण्यात! व्यायामाचं अर्धं क्रेडिट कमी पडलं. उन्हाळी वर्गाला गेले असते, तर तुम्हाला कळलं असतं.

तुम्ही तर कारखान्यातल्या लोकांना जेवायला बोलावून सांगायचात, "आमच्या घरातली पहिली हायस्कूल झालेली, ही आमची लोरेटा!" मी मान खाली घालून पिरोगी वाढायचे.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत आणि रोज सकाळी दाराशी मांडून ठेवायला लागलात.

"जा गं, शाळेच्या मैदानावर जरा पळून ये."

"जाडी म्हणायचंय ना मला? मग सरळ म्हणा की!"

मी दार आपटायचे. दुसऱ्या सकाळी बूट पुन्हा दाराशी असायचे.

आज फोल्डरमधून शाळेचं पत्र निघालं. त्याच जूनमधलं, तुमच्या नावाचं. मुलीने उन्हाळी वर्गात व्यायाम पूर्ण केला, तर डिप्लोमा मिळेल, असं लिहिलंय.

बूट कपाटात सापडले, कोरे करकरीत. आत्ता पायात घातलेत.

अजून मला होतात, पप्पा.

तुमची,
लोरेटा