पंपघरालगतचा कोबीचा वाफा

मी, ग्वेनिथ मेरियन पासको, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त शालेय दंतपरिचारिका, राहणार मटाई क्रॉसिंग, न्यूझीलंड, कुणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. माझे यकृत खराब आहे, डोके नाही. डॉक्टरांनी हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे आणि दात किडू नयेत म्हणून गावच्या पाण्यात फ्लोराइड घालण्यावरचे नगरपरिषदेचे फेरमतदान वसंतात आहे. म्हणून हे आत्ताच.

१. राहते घर भाची रोबिनला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. तिच्या लेकीचे, टेसचे, पाचव्या वर्षी भूल देऊन सात दात काढावे लागले.

२. पायाने चालवायचे ड्रिल व आरसे शाळेला. मुले माझ्या दवाखान्याला 'खाटीकखाना' म्हणत. रडणाऱ्याला मी कापसाची मधमाशी करून देई, तरी नाव तेच राहिले.

३. पंपघराला लागून असलेला माझा कोबीचा वाफा नगरपरिषदेला, कारण 'यंत्र बसवायला जागा नाही' हे रडगाणे दोनदा ऐकले. अट अशी की दोन वर्षांत तिथे फ्लोराइडचे यंत्र चालू झाले पाहिजे. नाहीतर जागा रोबिनची, आणि नगरपरिषदेने तिथल्या कोबीच्या पानालाही हात लावू नये.

४. बाबांची होडी, गळांसकट, धाकटा भाऊ डेस्मंड याला. तो नगरसेवक आहे. मागच्या वेळी पाचास चार मतांनी फ्लोराइडचा ठराव पडला, त्या विरोधी पाचांत एक मत त्याचे. बाहेर पायऱ्यांवर मला म्हणाला, "ग्वेन, लोकांना न विचारता त्यांच्या घशात औषध ओतायचं? मला नाही जमत."

मी म्हटले, "आणि तुझ्या नातीला कुणी विचारलं होतं, दात काढताना?"

तेव्हापासून आमचा अबोला आहे. मला त्याची फार आठवण येते. त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही, म्हणून कोबीच्या वाफ्याच्याच जागेत फ्लोराइड न घातलेल्या पाण्याचा एक नळ ठेवावा. ज्याला हवे त्याने बाटल्या भरून न्याव्यात.

५. माझी शवपेटी उघडी ठेवावी आणि माझ्या तोंडात कवळी बसवू नये. मला कवळी आहे हे कुणालाच ठाऊक नाही, डेस्मंडलाही नाही. तो तेव्हा चार वर्षांचा होता. अठराव्या वर्षी माझे लग्न ठरले. पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून वडिलांनी माझे सगळे दात काढवून घेतले. त्या काळी हा आहेरच समजत. सहा किडके होते, बाकीचे धडधाकट. लग्न मोडले, कवळी राहिली. मग मी दातांचेच काम शिकले. या गोष्टीची मला आजवर लाज वाटली. सर्व नगरसेवकांनी जवळ येऊन पाहावे, डेस्मंडने सर्वांत आधी. अंत्यसंस्कारवाले तोंड मिटवू लागतील; रोबिनने त्यांना अडवावे.

सही: ग्वेनिथ मेरियन पासको
मटाई क्रॉसिंग, ४ एप्रिल २०११

साक्षीदार: आयरिस टॉम्बली, ग्रंथपाल; हेमी पराता, पंपचालक.

सहीपूर्वी मिस पासको यांनी आमच्यासमोर कवळी काढून टेबलावर ठेवली व म्हणाल्या, "सुरुवात तुमच्यापासून." आम्हाला शब्द नीट कळले नाहीत, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.