पोरीला माझं नाव सांगा

माय, सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. घरात कुणी नाही, कॉलेजला सुट्टी आहे, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर पडलाय आणि मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरून राहिलेय. मघाशी घाटावर जाऊन आले. नांदेडात राहायचं हे एक सुख, मन थाऱ्यावर नसलं की चपला घालून गोदावरीपाशी जाता येतं. पण आज तिथंही थांबवलं नाही. पाणी पाहिलं आणि परत फिरले. मागच्या महिन्यातल्या त्या रविवारपासून हे असंच चाललंय. त्या रविवारी लातूरला माझ्या बापानं, दादांनी मला जे सांगितलं ते तुला माहीतच आहे, कारण ते तूच ठरवलेलं होतं. मला मात्र आत्ता कळलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कुणाशी भांडू?

नीट सांगते. तुझा नातू इंग्लंडात शिकायला होता. त्याच्या पदवीच्या समारंभाला मी गेले होते, आणि तो म्हणाला, आई, यॉर्क इथून जवळ आहे, तुझं गाव दाखव. माझं गाव! मी त्याला कधी काय सांगितलं असेल, देव जाणे. गाडीतून उतरलो आणि कुणाला रस्ता विचारायच्या आधीच माझे पाय आपोआप वळले. विटांची घरं तशीच एकमेकांना चिकटून उभी. मागची गल्ली तीच. गल्ली उतरली की नदी.

आपण तिथं गेलो तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळे पहिले दिवस मला तुझ्याच तोंडून ठाऊक आहेत. दादा हॉस्पिटलात डॉक्टर, दिवस-दिवस ड्यूटीवर. तू मुखेडकडच्या खेड्यातली, जिथला ओढा पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत कसाबसा वाहायचा आणि मग वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरायचं. तू पहिला हिवाळाभर घराबाहेर पडली नाहीस. मग एके दिवशी मला बोटाला धरून गल्ली उतरलीस आणि नदीच्या काठावर उभी राहिलीस. मग म्हणालीस, "एवढं पाणी, आन् एक बी बाई घागर घेऊन न्हाई." हे तू नंतर प्रत्येकाला सांगायचीस आणि प्रत्येक वेळी तुला तितकंच नवल वाटायचं.

त्यानंतर आपण रोज जायला लागलो. मला शाळेत सोडून तू नदीकाठानं परत यायचीस, दुपारी न्यायला येताना पुन्हा काठानं. तिथले लोक बदकांना पाव टाकायचे. ते पाहून तू पहिल्यांदा चिडलीस, अन्न पाण्यात फेकतात म्हणून. महिन्याभरानं तूच ओच्यात शिळ्या पोळीचे तुकडे घेऊन निघायला लागलीस. बदकं भांडायला लागली की त्यांना तू मराठीत दम द्यायचीस. "ए रांडंच्यांनो, लायनीत या!" मी आजूबाजूला पाहायची. कुणालाच कळत नव्हतं, याचा केवढा आनंद व्हायचा आपल्याला.

काठाला लागून एका म्हातारीचं दुकान होतं, कपडे घट्ट करून, सैल करून द्यायचं. तू तिला आक्का म्हणायचीस आणि ती तुला काय म्हणायची ते शेवटपर्यंत मला नीट ऐकू आलं नाही. तू एक दिवस तिच्या काचेतून आत बघत उभी होतीस, तिनं बोलावलं, तू आत गेलीस आणि तिच्या हातातली पँट घेऊन खालची पट्टी घालून दिलीस. झालं, तू कामाला लागलीस. दादांना ते फारसं पसंत नव्हतं. डॉक्टरची बायको शिलाई करते, लोक काय म्हणतील. तू म्हणालीस, "इथं लोक कुठं हायेत आपले, म्हनायला?" दादा हसले.

त्या कामाच्या पैशातून तू सायकल घेतलीस. आक्कानं शिकवली. एक सत्तरीची गोरी म्हातारी सायकलचं सीट मागून धरून पळतेय आणि पुढं तू, ट्रंकेतलं जुनं नऊवारी काढून काष्टा घातलेली, वर दादांचा कोट. आता लिहिताना मला ते दिसतंय. तू ओरडतेस, "सोडू नगं आक्का, सोडू नगं!" आणि आक्काला काय कळणार, ती सोडते. तू सरळ जातेस. पुलापर्यंत सरळ जातेस आणि वळता येत नाही म्हणून तिथं उतरतेस, सायकल उचलून फिरवतेस आणि परत येतेस. तुझा चेहरा तसा मी पुढं कधी पाहिला नाही. दुकानासमोर नदीच्या दगडी कठड्याला तू सायकल टेकवायचीस आणि आत जायच्या आधी एकदा वळून तिच्याकडं बघायचीस.

पुराचं तर तुला आठवत असेलच. नदी चढतेय असं दोन दिवस शेजारी सांगत होते, दादा ड्यूटीवर अडकलेले, आणि सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. मला रडू फुटलं. तू रडली नाहीस. पीठ, तांदूळ, देव, माझं दप्तर, सगळं आधी जिन्यावर नेलंस. मग हिरवा खण काढलास, मूठभर तांदूळ घेतलेस, नारळ तिथं कुठला, म्हणून एक संत्रं घेतलंस, आणि दार उघडून उंबऱ्याशी उभी राहिलीस. रस्त्यावर गढूळ पाणी वाहत होतं. अग्निशामक दलाचे लोक छोट्या होडीतून घरोघर फिरत होते. तू वाकून पाण्याला हळद-कुंकू वाहिलंस आणि ओटी सोडलीस. होडीतला एक जण थांबला. त्यानं मला विचारलं, तुझी आई काय करतेय?

"माय, तो विचारतोय तू काय करून राहिलीस."

"सांग त्याला, बाई दारात आलीय. रिकामी कशी धाडू?"

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. तो तुझ्याकडं पाहत राहिला, मग मला म्हणाला, "मग आता त्या बाईला सांगा, सगळं मिळालं, घरी जा म्हणावं." मी तुला सांगितलं. तू इतकी हसलीस की जिन्यावर बसावं लागलं. "ह्याला कळतंय," म्हणालीस. "ह्याला समदं कळतंय."

मी अकरा वर्षांची असताना दादांनी सांगितलं, आपण परत जातोय. लातूरला दवाखाना काढायचा. मी का म्हणून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या आईला इथं करमत नाही." मी तुझ्याकडं पाहिलं. तू तेव्हा भांडी पुसत होतीस. तू हो म्हणून मान हलवलीस. मला ते पटलंच नव्हतं, आज म्हणते मी. पण अकराव्या वर्षी आईनं मान हलवली म्हणजे झालं. सायकल तू आक्काला दिलीस. आक्का दुकानाच्या दारात उभी राहिली आणि रस्त्यावर आली नाही.

लातूरची पहिली वर्षं मी तुला सुखानं जगू दिलं नाही. मला मराठी लिहिता येत नव्हतं, वर्गात पोरी हसायच्या, माझं बोलणं ऐकून मुद्दाम पुन्हा बोलायला लावायच्या. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं. आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, तपेली, पातेली, पिंप, अगदी वाट्यासुद्धा. एकदा भर उन्हात टँकरपाशी आपण दोघी उभ्या होतो. नळीवरून बायकांची ढकलाढकली चालली होती. माझी बादली कुणाच्या तरी धक्क्यानं उपडी झाली आणि मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले, "तुझ्यामुळे! तुझ्यामुळे आलो आपण इथं! तुला करमत नव्हतं ना?"

तू पदर खोचलास, माझी बादली सरळ केलीस आणि म्हणालीस, "हाव, माझ्यामुळंच. आता बादली धर."

त्यानंतर किती वेळा मी ते तुला ऐकवलं असेल! परीक्षेत कमी मार्क पडले, तुझ्यामुळे. मैत्रिणी नाहीत, तुझ्यामुळे. दादांना मात्र मी एका शब्दानं बोलले नाही. ते बिचारे तुझ्यासाठी तिथली नोकरी सोडून आले, असंच मला वाटायचं. मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसायचे, त्यांच्यासाठी डबा न्यायचे, पेशंट त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचे ते ऐकून मला भरून यायचं. आणि तुझ्याशी भांडून भांडून रात्री तुझ्याच अंथरुणात शिरायचे, कारण दुसरीकडं मला झोप लागत नव्हती.

तर मागच्या महिन्यात मी यॉर्कचा व्हिडिओ फोनवर घेऊन लातूरला गेले. दादा आता माझ्या भावाकडं असतात, लातूरला आल्यावर झाला त्या धाकट्याकडं, पाय सुजतात म्हणून दिवसभर खुर्चीतच. भावजय चहा ठेवायला आत गेली. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, पाहत राहिले. नदी, बदकं, पूल. दुकान आता नाही, तिथं केक मिळतात. कठडा आला तसं त्यांनी बोट ठेवलं आणि चित्र थांबलं.

"इथं ती सायकल लावायची."

"हो."

"तिला यायचं नव्हतं तिथून."

मला वाटलं, वयामुळं उलटं बोलतायत. म्हटलं, "दादा, मायला करमत नव्हतं म्हणून तर आपण आलो."

"करमत नव्हतं मला," दादा म्हणाले. "तिथं मी म्हातारा झालो असतो तरी दुसऱ्याच्या हाताखालचाच डॉक्टर राहिलो असतो. माझ्यानंतर आलेली पोरं माझ्या पुढं गेली. इथं आपल्या मुलखात येऊन मला साहेब व्हायचं होतं. मी तिला विचारलं नाही. तिकिटं काढली आणि सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"दोन दिवस सायकल घेऊन नदीवर गेली. मग आली आणि सामान बांधायला लागली."

मी विचारलं, "मग मला तुम्ही तिचं नाव का सांगितलंत?"

दादांनी फोन मांडीवर ठेवला. "मी नाही. ती म्हणाली तसं. पोरीला माझं नाव सांगा, म्हणाली. तिचा सोभाव तुमच्यावर गेलाय. तुमच्यावर रुसली तर जन्मभर बोलायची न्हाई. माझ्यावर किती बी चिडली तरी रातच्याला माझ्याच कुशीत येती."

दादांनी हे सगळं अगदी तुझ्या आवाजात सांगितलं, माय. त्यांना तुझी नक्कल येते हे मला माहीत नव्हतं. भावजय चहा घेऊन आली. मी चहा घेतला. एस.टी.ची वेळ झाली म्हणून निघाले. वेळ झाली नव्हती.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेय. पुन्हा तुझ्यावरच, बघ. माझा राग कुणी घ्यायचा हे तू कसं ठरवलंस? माझा बाप मला राहावा म्हणून तू स्वतःला पुढं केलंस, हे खरं. पण मग तू मला किती राहिलीस? तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी तुझे पाय चेपत बसायची तेव्हा तरी सांगायचंस. एकदा तू म्हणाली होतीस, "तिथलं पानी लई थंड होतं, न्हाई?" मी म्हटलं, "तुला कुठं आवडायचं तिथलं काही." तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, झोपलीस.

तुझ्या नातवाला हे सगळं सांगायचं मनात आहे. त्याला तिकडंच नोकरी मिळतेय आणि तो विचारतोय, आई, तुला काय वाटतं. मी काय सांगू? जा म्हणाले तर मला इथं घर खायला उठेल, ये म्हणाले तर तुझ्यासाठी आलो असं तो आयुष्यभर म्हणेल. परवा फोनवर मी त्याला म्हटलं, तुला काय पाहिजे ते आधी सांग, माझं मी नंतर सांगते. तो म्हणाला, असं तू पहिल्यांदाच बोललीस. अजून त्यानं सांगितलेलं नाही. मी वाट पाहतेय.

हे पत्र मी कुठं टाकणार? मुखेडकडच्या त्या घराला आता कुलूप आहे, यॉर्कच्या दारात दुसऱ्याच्याच नावाची पाटी आहे. कपाटात साड्यांखाली ठेवीन. दादांच्या हाती तर मुळीच पडू द्यायचं नाही.

एकच सांगायचं राहिलं. पूर्वी मी एक रविवार आड लातूरला जायचे. त्या दिवसानंतर एकदाही गेले नाही. दादा भावाला विचारतात, ताई का आली नाही, आणि भाऊ मला फोन करतो. मी सांगते, गुडघा धरलाय, एस.टी.ची पायरी चढवत नाही. दादांनी त्यावर मालिश करायचं तेल पाठवून दिलंय, भावाच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर. तुझा अंदाज चुकला नाही, माय. गुडघा ठणठणीत आहे.