मास्टरांबरोबर माझी जुगलबंदी

सोमवार, ३ मार्च
साहेब आज फिल्म-खोलीत येऊन गेले. संगीत महाविद्यालयाच्या या खोलीचा सर्वेसर्वा मी, म्हणजे डबे पुसतो. साहेब म्हणाले, मोडक्या खुर्च्या ठेवायला खोली हवी आहे. एकवीसला कमिटी येतेय. या जुन्या फिल्मचा उपयोग काय ते दाखवा, नाहीतर डबे भंगारात.
भंगारात! चेलोच्या थोर मास्टरांची एकमेव फिल्म जगात फक्त आमच्याकडे, आणि हे खुर्च्या आणणार! उपयोग दाखवतोच. फिल्म बघून मी स्वतः चेलो शिकणार आणि कमिटीपुढे मास्टरांबरोबर वाजवणार. पडद्यावर ते, खाली मी. जुगलबंदी!
आजवर चेलोला हात लावलेला नाही. म्हणूनच तर सिद्ध होईल.

मंगळवार, ४ मार्च
मास्टरांच्या नावाचे डबे दोन. पहिल्यातलं रीळ लावलं. दुसऱ्याचं झाकण गंजून घट्ट बसलंय, उघडत नाही. रिकामा असणार. भरलेला डबा कोण गंजू देईल?
रीळ मुकं आहे. बरंच झालं, आवाजाने लक्ष उडतं. मास्टर गज एकदाच ओढतात. डोळे मिटतात. मान हलवतात, नाही-नाही अशी. मग डावा हात थेट वर, खुंटीकडे! पुन्हा गज, पुन्हा मान, पुन्हा खुंटी. रीळभर हेच. काय संयम! आजच्या पोरांना बोटं नाचवण्यापलीकडे काही येतं का?
संध्याकाळी हिला आणून दाखवलं. म्हणते, ते काहीतरी दुरुस्त करताहेत.
हिच्याशी कलेवर बोलायचं नाही, असं ठरवलं.

गुरुवार, ६ मार्च
वाद्यांच्या खोलीतला पडीक चेलो घरी आणला. रिक्षात तो आत, मी अर्धा बाहेर.
संकल्प : रोज पहाटे पाचला रियाज.

शुक्रवार, ७ मार्च
आठला उठलो. मास्टर पहाटे उठत असल्याचा काही पुरावा नाही.

रविवार, ९ मार्च
चेलोचा टोकदार पाय फरशीवर घसरतो. वाजवता वाजवता मी आणि चेलो स्वयंपाकघरापर्यंत गेलो. ही पोळ्या लाटत होती, म्हणाली, आलात तसे ताट-वाट्या घ्या.
उपाय सापडला. तो गंजका रिकामा डबा आणून पायाखाली ठेवला. टोक पत्र्यात मस्त रुतलं. आता हालायचं नाव नाही.

गुरुवार, १३ मार्च
खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर वर आले. म्हणाले, पेशंटना वाटतंय की माझं ड्रिल बिघडलंय, एक तर अर्ध्या बधिर तोंडाने पळून गेला. मी त्यांना चहा दिला आणि मास्टरांच्या संयमाबद्दल सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. गृहस्थ रसिक आहे.
जाताना हिला हळूच विचारत होते, हे असं कधीपासून?

शनिवार, १५ मार्च
आता रीळ तोंडपाठ. गज, डोळे, मान, खुंटी. मास्टर एका जागी बाजूच्या कुणाला तरी रागावून काहीतरी बोलतात, तेही बसवलंय. शब्द कळत नाहीत, पण राग जमला. सरावाला हिच्यावर करून पाहिला. जेवण बाहेर जाऊन केलं, एकट्याने.

बुधवार, १९ मार्च
कमिटीवर मास्टरांच्या शिष्या आहेत, असं कळलं. वयस्कर बाई, स्वतः नामवंत वादक. छान. निदान एक तरी जाणकार.
रात्री डोळ्यांपुढे टाळ्याच टाळ्या. झोप उत्तम लागली.

शुक्रवार, २१ मार्च, सकाळ
काळा कोट. चेलो, पहिला डबा, पायाखालचा डबा. ही येतेय. दाताच्या डॉक्टरांनाही घेऊन येतेय, का ते कळलं नाही. म्हणाली, सोबत असलेले बरे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
दिवे घालवले. रीळ सुरू झालं. मी सुरू झालो. गज गजाला, मान मानेला, खुंटी खुंटीला, कुठे म्हणून चुकलो नाही. रागावलोसुद्धा वेळेवर, साहेब दचकले.
बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळे पुसत. म्हणाल्या, अगदी अस्से चिडायचे हो! अहो, हे वादन नाही. त्या दिवशी थंडीने चेलो सुरात लागेना. या सगळ्या रिळात सर नुसता चेलो लावताहेत. मला ओरडले ते, मी मध्ये शिंकले म्हणून. वाजवलं ते दुसऱ्या रिळात. ते कुठाय?
मी म्हणालो, दुसरा डबा रिकामा आहे. बाई माझ्या पायाशी बघत राहिल्या. ही म्हणाली, अहो, त्यावरच तर बसलाय चेलो.
झाकण दाताच्या डॉक्टरांनी उघडलं. खिशातून कसलंसं हत्यार काढलं आणि दोन मिनिटांत टक्कन. आत रीळ होतं. भरलेलं. आवाजासकट.
मास्टर वाजवायला लागले. मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांचा गज कुठे वळतो आणि सूर कुठे, हे एकाच वेळी दिसत होतं, ऐकू येत होतं. ज्या हाताची मी इतके दिवस नक्कल केली तो हात हे करू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी रडलो. साहेबही नाक शिंकरत होते.
फक्त मधूनमधून आवाज यायचा. टक्. थोड्या वेळाने परत टक्. बाईंनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, जुन्या फिल्मला असं होतंच. डॉक्टरांनी रीळ उजेडात धरलं. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते. चेलोचं टोक डब्यातून आरपार जाऊन नेमकं तिथे घुसलं होतं.

सोमवार, २४ मार्च
खोली वाचली. डबे राहणार. खुर्च्या जिन्याखाली गेल्या. चेलो वाद्यांच्या खोलीत परत केला, आणि मी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं साहेबांनी सांगितलं. पहिलं रीळ नव्या विद्यार्थ्यांना दाखवणार, वाद्य सुरात लावायला किती चिकाटी लागते ते कळावं म्हणून. दुसरं दर शनिवारी, सगळ्यांसाठी. ते टक् काढता येणार नाही, बाईंनी चौकशी केली. कायमचं आहे.
हिला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुम्हाला मास्टरांबरोबर वाजवायचं होतं ना? वाजताय की.