माझ्या नंबरावरचं बाळंतपण

भवानी पेठ, सोलापूर

तीर्थस्वरूप दगडाक्कास,

धाकट्या जोतीरामाचा साष्टांग दंडवत. मी इथे ठीक आहे (म्हणजे उठतो, चहा करतो, सवयीनं दोन कपांचं दूध घेतो, एका कपाचं उरतं, ते मांजर पितं). तुझी शुगर कशी आहे? आजवर हे विचारावं लागत नव्हतं. आता का लागतंय, तेच सांगायला बसलोय.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, म्हणून इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. आता म्हणे सगळ्या सरकारी दवाखान्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेत. तुमच्या धरणाकाठच्या गावात कुणी शिंकलं तरी सोलापुरात दिसतं. डॉक्टरीणबाईंनी माझा मोबाइल नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, माझ्या मिशांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमचं श्रावणात बाळंतपण झालंय." मागच्या रांगेतले काय हसले म्हणून सांगू! एका बाईनं तर मुलगा की मुलगी, तेही विचारलं. (मुलगी. तुझ्या सुनेला, रुपालीला झालेली. बारशाला मला बोलावलं नाहीत, पण ते असो.) पुढे वाचतात तर मला गोवराची लस टोचलेली, म्हशीनं लाथ मारून बरगडी मोडलेली आणि शुगर तीनशेच्या वर! एवढ्या शुगरला डोळ्याला हात लावणार नाही म्हणून बाईंनी मला बाहेर काढलं.

हे सगळं तुझं काम, आक्का! गावातली पोरं रिचार्ज संपला की सिम बदलतात, तुझ्याकडे तर फोनच नाही. मग केसपेपर काढताना तू खिडकीशी ठसक्यात सांगायचीस, "भावाचा नंबर लिवा की, त्यो सोलापुरात असतो." तुझं बघून सगळी आळी माझाच नंबर द्यायला लागली. कॉम्प्युटर बिचारा समजला, एका नंबराचा एकच माणूस.

हा गुंता सोडवायला मला कॉम्प्युटरवाल्या नंदीशकडे पाठवलं. (अक्कलकोटकडचा आहे, रागावला की कानडीत बोलतो. त्या दिवशी बराच वेळ कानडीत बोलला.) मी एकेकाची ओळख सांगत गेलो, हे बाळंतपण रुपालीचं, ही लस तिच्या थोरल्या सृष्टीची, ही शुगर आमच्या आक्काची, आणि तो एकेकाला माझ्यापासून वेगळं करत गेला. शेवटी पडद्यावर मी एकटा उरलो. "आता क्लिअर," म्हणाला. मलाही लई हलकं वाटलं.

घरी आलो आणि फोन गप्प. तेव्हा कळलं, की मला मेसेज यायचे ते सगळे तुमचेच होते. सृष्टीचा डोस राहिला, रुपालीनं तपासणीला यावं, आणि महिन्याच्या महिन्याला, दगडाबाई यांनी गोळ्या नेल्या. तो आला की मी म्हणायचो, चला, आक्का आपल्या पायांनी दवाखान्यात गेली. तुझी भावजय म्हाळसा गेल्यापासून या घरात तेवढीच काय ती ये-जा होती. परत जाऊन नंदीशला म्हटलं, बाबा, माझी आक्का तेवढी परत जोड. तर म्हणतो, आता पेशंटनं स्वतः येऊन हो म्हटल्याशिवाय जोडता येत नाही.

घरच्यांना आशीर्वाद, तुला नमस्कार.

तुझा,
जोतीराम

ता. क. : गोळ्या नेल्यास का, एवढं कार्डावर कुणाकडून तरी लिहून टाक.

ता. क. दुसरा : नुसतं जोडायला ये, असं मी म्हणत नाही. केळी काढायचे दिवस आहेत, मला कळतं.

ता. क. तिसरा : ऑपरेशन पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी ठरलंय. सोबत घरचं माणूस पाहिजे म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं. नंबर विचारला, तर सवयीनं माझाच दिला. काल दवाखान्यानं नातेवाइकाला फोन लावला, तो माझ्याच खिशात वाजला. दगडाबाई नक्की येणार ना, असं विचारत होते. मी व्हय म्हणून बसलोय. आता मला खोटं पाडू नकोस.