मोठ्या ढोलाचं पान

२८ सप्टें., रवि.

समूच्या शाळेच्या बँडचे नियम सूनबाईने फ्रिजवर चिकटवलेत. आज चष्मा लावून दोनदा वाचले. सकाळी साडेसहाला मैदानावर. तीन खाडे झाले की बाहेर. नखं कापलेली, मेंदी नाही, केस वर बांधलेले, बूट पांढरे. वाद्य शाळेचं. न विचारता फाटकाबाहेर नेलं तर बाहेर, मोडलं तर बाहेर. सरावाच्या वेळी पालकांनी मैदानावर यायचं नाही. तक्रार फक्त मुख्याध्यापिकेकडे. खाली माझ्या मुलाची सही. वाचून केली की न वाचता, देव जाणे.

पालकांनी यायचं नाही, हे काहून? ज्या घराला एवढी कुलुपं, त्या घरात काहीतरी असतं. समूला तसं म्हटलं. ती म्हणाली, "आबा, तुम्ही आले असते तर सरालेच वाजवणं शिकवलं असतं, म्हणून."

नववीतली पोट्टी. बँडमधला मोठा ढोल वाजवते. तिच्यापेक्षा ढोलच रुंद.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

फुलांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. अंबादेवीच्या वाटेवर पहाटेपासून गर्दी. झेंडू दुपारीच आटोपत आला. दोरा संपला म्हणून शेवटची तोरणं मी तारेत ओवली. मुलाला तार आवडत नाही, गिऱ्हाइकाला टोचते म्हणतो. सणाच्या दिवशी एवढं चालतं.

समूचा बँड दुसऱ्या शाळेत वाजवायला गेला होता. परत जाताना ती आणि ढोल एका ऑटोत, ऑटो आपल्याच दारावरून, दुकानामागंच घर. मी थांबवला. आज विळा, कात्री, तराजू सगळ्यांची पूजा होते, मग ढोल तिचं हत्यार नाही का? ढोलाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पानावर हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली, कडेवरून तोरण आवळून गुंडाळलं, पायरीवर नारळ फोडला. समूचं एकच, "आबा, लवकर करा न. कोणी पाह्यलं तर मी गेली." ऑटोवाल्याला खोबरं दिलं. तोंड गोड म्हणजे बंद. निघताना तिनं तोरण ओढून काढलं, ओल्या फडक्याने हळद पुसली. सगळी गेली नाही. हळद पांढऱ्यावरून जात नसते.

बरं वाटलं. अंजनगावकडे मळा होता तेव्हा भजनात मी ढोलकी धरायचो. तिची पूजा कधी चुकवली नाही.

१० नोव्हें., सोम.

दिवाळीनंतरचा सराव सुरू. मैदानावर यायचं नाही असं लिहिलं आहे, भिंतीबाहेर बसायचं नाही असं कुठं लिहिलं आहे? शाळेच्या भिंतीला लागून चहाची टपरी आहे. तिथं बसलो. आवाज सगळा येतो. मोठ्या ढोलावर दोघी आहेत, पाळीपाळीने. एक समू, एक मानसी नावाची. समूचा ठोका ओळखू येतो. जड, किंचित उशिरा, बैल पाय टाकतो तसा. मानसीचा नुसता टणटण.

टपरीवाला म्हणाला, मानसीचा बाप वरुडचा संत्र्याचा व्यापारी. साऱ्या बँडला टोप्या त्यानंच दिल्या.

फुकट टोप्या कोण देतं?

संध्याकाळी समूकडून कळलं. डिसेंबरात अकोल्याला स्पर्धा आहे. तिथं मोठा ढोल एकीच्याच गळ्यात. दुसरी राखीव. राखीव म्हणजे पाणी वाटणारी. मग टोप्यांचं कारण सांगायला ज्योतिषी नको.

१९ नोव्हें., बुध.

ढोल फाटला. मानसीची पाळी होती. मी टपरीवर. एकदम फट्ट आवाज, मग नुसत्या बासऱ्या, मग त्याही थांबल्या.

समू आली ती जेवली नाही. "पान फाटलं, आबा." कुठून? "कडेनं."

पान मधे फाटतं, जिथं मार बसतो तिथं. हयात गेली ढोलकीवर. कडेने फाटतं ते कोणी ब्लेड मारली तरच. पण मग मानसीच्याच पाळीत काहून फाटलं? तेच तर. तिच्यावर कोणाची शंका जाऊ नये म्हणून. आता बाप नवा ढोल देईल. ज्याचा ढोल, त्याचीच पोरगी वाजवणार.

सूनबाई म्हणे, "मामाजी, नववीतले लेकरं हायेत ते."

लेकरं लेकरं आहेत. लेकरांचे बाप लेकरं नाहीत.

समू भिंतीकडे तोंड करून झोपली. मी ब्लेडचं बोललो तेव्हा जागी होती.

२१ नोव्हें., शुक्र.

मुख्याध्यापिका बाईंना भेटलो. नियमाप्रमाणेच गेलो. ब्लेडचं सांगितलं, टोप्यांचं सांगितलं.

"तुम्ही स्वतः पाहिलं का?"

पाहिलं नाही, पण समजलं.

बाई जरा वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसल्या. मग बँडच्या सरांना बोलावलं. पोरगाच आहे, गळ्यात शिट्टी. मला नमस्कार केला, पण नजर खाली. ज्याचं मन साफ तो खाली कशाला पाहील? सर म्हणाले, "पान जुनं होतं, मॅडम." लगेच म्हणाले. विचारायच्या आधी.

बाई म्हणाल्या, चौकशी करते.

२४ नोव्हें., सोम.

चौकशी संपेपर्यंत मानसी बँडबाहेर. ढोलाला नवं पान चढलं, ते शाळेनंच आणलं. अकोल्याला समूच वाजवणार.

जिलेबी आणली. समू म्हणाली, "मले नको." आईने विचारलं तर पोट दुखतं. आज चहाच्या टपरीवरून ऐकलं, तिचा ठोका जडही नव्हता, उशिराही नव्हता. घाबरत मारत होती. कोणी धमकावलं का? मानसीच्या बापाची माणसं असतील. शाळा सुटायच्या वेळी फाटकावर उभं राहायला पाहिजे.

२६ नोव्हें., बुध.

दोन दिवस उभा राहिलो. कोणी आलं नाही. समूने आज दुरूनच सांगितलं, "आबा, तुम्ही घरी जा. सारे पोरं हासतात." मानसी तिच्या शेजारून एकटी गेली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. आधी डबा एकत्र खात होत्या म्हणे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

४ डिसें., गुरु.

मार्गशीर्षातला गुरुवार, दुकानात वेणीला आणि हारांना मागणी. मी एकटाच गादीवर. एक धिप्पाड माणूस आला, मोटारसायकल उभी केली.

"समूचे आबा तुमीच काय?"

हो म्हटलं. लगेच ओळखला.

"मी मानसीचा बाप. भांडाले नाही आलो, हार घ्याले आलो. तो मोठा द्या."

मी हार बांधायला घेतला. तो बोलतच राहिला. "पोट्टी बरोबर जेवून नाही राहिली. घरात सकायी साडेपाचले उठून बसते, जायाचं कुठीच नाही. टोप्या मी दिल्या, काहून का पोरायच्या डोक्यावर ऊन लागे. तुमचं काय म्हणणं हाय, टोपीत ब्लेड होती?"

मी म्हटलं, माझं काही म्हणणं नाही, चौकशी चालू आहे.

"चौकशी तुमीच लावली न, काका."

पैसे ठेवले आणि गेला. भाव केला नाही. भाव न करणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. की नसतं? आज पहिल्यांदा ठरवता आलं नाही. घरी कोणाला सांगितलं नाही.

१८ डिसें., गुरु.

काय लिहू.

सकाळी फुलं ठेवायचा प्लॅस्टिकचा कागद पसरला आणि त्यात पाणी शिंपलं. थोड्या वेळाने खालची गोणी ओली. कागद उजेडात धरला. कडेला बारीक भोक, सुईएवढं. काल मुलाने त्यावरून माझं तारेचं तोरण ओढलं होतं, मीच पाहिलं. बोटाने भोकाजवळ थोडा ताण दिला, तर सर्रकन वीतभर फाटलं.

तिथंच बसलो. खंडेनवमीचं तोरण. ते मी आवळून गुंडाळलं होतं. समूने ओढून काढलं होतं. कडेलाच.

संध्याकाळी समू कोटाला बटण लावत होती, स्पर्धेच्या तयारीचं. मी दार लोटलं.

"पोरी, ते तोरण तारेचं होतं."

"हाव."

"तुले माहीत होतं?"

"फाटलं त्याच दिवशी. भोकाच्या बाजूलेच तुमची हळद होती."

"मंग बोलली काहून नाही?"

तिनं दोरा दाताने तोडला. "कोणाले? तुमी इचारलं का? तुमी तं सांगूनच राहिले होते. आन् मी सांगतलं असतं तर ढोल घरी आला होता हेही निघालं असतं. वाद्य फाटकाबाहेर, का मी बाहेर."

"आन् मानसी?"

तिनं दुसरं बटण घेतलं.

मी म्हटलं, उद्याच शाळेत जाऊन सांगतो.

"नका जाऊ. तुमी कुठी सांगाले गेले का काहीतरी फाटते."

ती माझ्यासाठी गप्प बसली की ढोलासाठी? स्वतःच्या नातीवर असली शंका येऊ नये. पण आली. लिहून ठेवतो.

१९ डिसें., शुक्र. अकोला

एस.टी.ने मूर्तिजापूरमार्गे आलो. बँडच्या गाडीत पालकांना जागा नाही, तोही नियमच. मुलगा नको म्हणत होता, थंडी आहे, दुकान आहे. धाकट्या बहिणीकडे उतरलो. तिला सगळं सांगितलं, तारेपासून.

ती म्हणे, "दादा, त्याच्यात इचार काय कराचा. उद्या त्या सराले सांगून टाक."

"मंग समू बाहेर."

"गेली तर गेली."

"तुझी नात असती तं?"

ती उठली. "चहा घे," म्हणाली.

सांगितलं तर समूचा ढोल जातो. नाही सांगितलं तर त्या दुसऱ्या पोरीवरचा डाग राहतो, माझ्या हाताने लावलेला. सरांना बाजूला कसं घ्यायचं? तो पोरगा ऐकेल का? की बाईंच्या पुढ्यात उभं करेल? ढोल घरी आणल्याचं ऑटोवाल्यानं आधीच कुठं बोललेलं नसेल कशावरून? खोबरं किती दिवस पुरतं.

२० डिसें., शनि. अकोला

मैदानाला दोरी बांधलेली. पालक दोरीबाहेर. खिशात तारेचा तुकडा नेला होता, सरांना दाखवायला. वेळच मिळाला नाही. आमची शाळा एकदम वळणावरून आली.

मोठा ढोल मानसीच्या गळ्यात होता.

रांग दोनदा पाहिली. झांजा, बासऱ्या, लहान ढोल. समू नाही. मग दिसली. पाण्याच्या कॅनजवळ, कोट घातलेला, बूट पांढरे, केस वर बांधलेले, टोपी हातात. ओठ हलत होते. ठोके मोजत होती, मला कळतं.

डोळे मिटून ऐकलं. मानसीचा ठोका टणटण नव्हता. आधीही होता का नव्हता, आता सांगता येत नाही.

नंबर कोणाला मिळाला लक्षात नाही. नंतर सर दोरीपाशी आले. "काका, लांबून आले. चहा घेतला का?" याने आजवर मला काका म्हटलं नव्हतं. आणि आज नजर खाली नव्हती, सरळ माझ्याकडे होती. त्या पाहण्यात काय होतं? दया होती की राग गिळला होता? मी तारेवर हात ठेवून उभा. म्हटलं, घेतला. घेतला नव्हता.

म्हणजे समूने सांगितलं. पण काय सांगितलं? आबाने केलं असं, की मीच ढोल घरी नेला एवढंच? सरांना काल सांगितलं की गाडीत? मानसीला सगळं माहीत आहे का?

मुलं गाडीत चढत होती. समू पाण्याचे ग्लास गोळा करत होती. दोरीवरून विचारलं, "सर काय म्हणाले तुले?"

"पाणी वाट म्हणाले."

"आन् सव्वीस जानेवारीले ढोल कोण वाजवन?"

तेवढ्यात शिट्टी झाली. मानसीने गाडीच्या दारातून हाक मारली, "ए समू, चाल न." रागाने मारली की कशी, गर्दीत नीट ऐकू आलं नाही. समू धावली. खिडकीतून मला म्हणाली, "आबा, मानसीचे पप्पा पायऱ्यांवर बसले हायेत. भेटून जा."

भेटलो. पोत्यातून संत्री काढून उरलेल्या पोरांना वाटत होता. मला पाहिलं. एक संत्रं पुढं केलं. मी घेतलं. बोलायला तोंड उघडलं तर कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो उठून गेला. मुद्दाम गेला की खरंच हाक होती, मागे वळून पाहिलं नाही मी.

संत्रं बहिणीच्या ओट्यावर आहे. ती सोलू म्हणाली, नको म्हटलं.

उद्या पहिल्या एस.टी.ने जातो. रविवार आहे, समू घरी असेल. तिला काही सांगायचं नाही. विचारायचं, आणि ती बोलेल तेव्हा मधे बोलायचं नाही. जमलं तर.