शेवट न पाहणारं गिऱ्हाईक

९ जानेवारी १९९५, सोमवार

बियार्नसन परत खोटं बोलला. तोंडावर!

“फारच छान होता, ल्यूबाबाई.” छान म्हणे! तो दाराबाहेर पडताच डबी उघडली. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं, तर डावं चाक जाडजूड आणि उजवं काडीसारखं. म्हणजे अर्ध्याहून जास्त सिनेमा बाकीच. आणि ही काही पहिली वेळ नाही. नाताळच्या आधीपासून मी सांगेन तो सिनेमा नेतोय, दर वेळी “फारच छान”, आणि दर वेळी टेप मधेच कुठंतरी थांबलेली.

‘कृपया रिवाइंड करून द्या’ असं प्रत्येक डबीवर चिकटवलंय. कुणी करत नाही. बरंच आहे! म्हणून तर मला कळतं कोण कुठं उठलं ते. माणसं खोटं बोलतात, टेप बोलत नाही. आमचे पाद्रीबाबा त्या फ्रेंच सिनेमात नेमके कुठं थांबले होते हे मला ठाऊक आहे. आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. रविवारी चर्चमध्ये माझ्याकडे बघत नाहीत.

पण हा म्हातारा! दाराशी बुटांचा बर्फ झटकून आत येणारा, टोपी काढून बोलणारा. असल्या सभ्य माणसाला खोटं बोलायची गरज काय?

१४ जानेवारी, शनिवार

वॉल्टर आज पुन्हा माझ्या फळीसमोर फूटपट्टी घेऊन उभा. दुकान त्याचं, त्यामुळे फळीही त्याचीच. पण ‘ल्यूबा सांगते’ ही पाटी त्यानंच हौसेनं रंगवली होती, ते विसरला वाटतं. जगभरचे जुने सिनेमे मी निवडून मांडते, प्रत्येकाखाली चार ओळींची चिठ्ठी लावते. नावं कुणाला उच्चारता येत नाहीत, म्हणून आम्हीच टोपणनावं पाडलीत — विहिरीवाला, बोटवाला, दोन बहिणींचा, बसवाला.

“ईस्टरपर्यंत बघतो,” वॉल्टर म्हणाला. “मग तिथं पॉपकॉर्नचं मशीन.”

“लोक नेतात की!”

“लोक नाही. एक म्हातारा नेतो.”

तेच तर! या सार्जंट अव्हेन्यूवर माझ्या फळीचं नेमानं येणारं गिऱ्हाईक एकच, आणि तोही सिनेमे बघत नाही. हे वॉल्टरला कळलं तर फळी ईस्टरपर्यंतही टिकायची नाही.

आज बियार्नसननं विचारलं, “यात माणसं फार बोलतात का हो?” मी म्हटलं, बेताचं. “आणि आवाज काय काय आहेत?”

आवाज! सिनेमाचे आवाज कोण विचारतं? मी सांगितलं: वारा, कोंबड्या, एक शिवणयंत्र. मान डोलावत ऐकून घेतलं आणि निघून गेला. माझी टर उडवत नाही ना हा?

१७ जानेवारी, मंगळवार

उणे पस्तीस. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर हीटरच्या वायरीला लावून ठेवली, तरी सकाळी ढिम्म. बसने गेले. बियार्नसन मात्र चालत आला! भुवयांवर बर्फ. न बघायच्या सिनेमासाठी असल्या थंडीत कोण चालत येतं? नक्की पाणी मुरतंय.

२१ जानेवारी, शनिवार

मुरतंय ते सापडलं! मागच्या खोलीतून डबे घेऊन आले तर वॉल्टर आणि बियार्नसन काउंटरवर वाकून कुजबुजत होते. मला बघितलं आणि दोघंही गप्प. वॉल्टर तर चक्क खोकला. त्याला खोटा खोकला जमत नाही, कधीच जमला नाही.

म्हणजे वॉल्टरनंच हा माणूस पेरलाय. म्हाताऱ्यानं सिनेमे न्यायचे, अर्धे सोडायचे, आणि मग ईस्टरला मला सांगायचं — बघ, तुझं एकुलतं एक गिऱ्हाईकसुद्धा कंटाळतं! किती वर्षांची ओळख, आणि सरळ सांगायची हिंमत नाही. आतून नुसती चिडचिड होतेय. जेवण गेलं नाही. आईनं दिलेल्या पेरोगी, बटाटा भरलेल्या, तशाच परत फ्रीजमध्ये.

२४ जानेवारी, मंगळवार

सापळा लावला. ‘बोटवाला’ दिलाय त्याला. पोर्तुगालचा. बेटावरचा दिवेवाला आणि त्याची थोरली बहीण. शेवटी काही म्हणजे काही घडत नाही: बोट येत नाही, दोघं सूप पितात. मी त्यावर वाट्टेल ते रचून विचारणार. बघू कसा निसटतो.

२८ जानेवारी, शनिवार

आज पितळ उघडं पाडलं. मग बरं का वाटत नाहीये?

दुकानात गर्दी होती. बियार्नसननं डबी ठेवली, “फारच छान.” मी मोठ्यानंच म्हटलं, “शेवटी ती बोट जळते ना, तेव्हा मला तर रडूच कोसळलं. तुम्हाला?”

तो गोंधळला. टोपी हातात फिरवली. “जळली? नाही हो. आमच्याकडे बोट परत आली. बहीण एकटी वल्हवत आणते. मासे भरून.”

“असा शेवट या सिनेमात नाहीच!” मी डबी उघडून सगळ्यांना दाखवली. “ही बघा टेप! अर्धीसुद्धा गेलेली नाही. एकही सिनेमा पूर्ण बघितला नाहीत तुम्ही. मग छान-छान कशाला म्हणता? कुणी सांगितलंय?”

सगळे वळून बघायला लागले. म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

“शेवट आम्ही बघत नाही, बाई,” एवढंच म्हणाला. टोपी घातली आणि गेला. नवा सिनेमा न घेता.

वॉल्टर नंतर माझ्यावर असा ओरडला! मीही सोडलं नाही. “तूच लावलं होतंस ना त्याला? काय कुजबुजत होतात त्या दिवशी?”

त्यानं कपाळावर हात मारला. “अगं बये, तो विचारत होता तुला सुका आलुबुखार चालतो का. त्याच्या बायकोला तुझ्यासाठी केक करायचा होता. तुला सांगू नको म्हणाला.”

३० जानेवारी, सोमवार

आला नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार

आजही नाही. फळीवरचं काही हललेलं नाही. वॉल्टर फूटपट्टी काढत नाही, काही बोलतही नाही. ते जास्त लागतं.

पण एक विचारू का? केकचं असेल खरं. तरी टेप अर्धी का? “आम्ही बघत नाही” म्हणजे काय? आम्ही कोण? मला माफी मागायचीये आणि छडाही लावायचाय. आधी काय, ते ठरत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

गेले शेवटी. पत्ता वॉल्टरनं दिला. हातात ‘बसवाला’, माझ्या फळीवरचा सगळ्यात लाडका.

दार बियार्नसननं उघडलं. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. “चुकलंच माझं,” एवढंच जमलं. आतून बाईचा आवाज आला, “कोण रे? ती टेपची पोलीस का? आत घे की तिला, स्काप्ती, उष्णता बाहेर चाललीये!”

सिग्रून. छोटीशी, पांढऱ्या वेणीची, शाल गुंडाळून खुर्चीत. उठली, हसत हात पुढे केला — माझ्याकडे नाही, कोटांच्या खुंटीकडे. मी पुढे होऊन तो हात धरला. गार होता. तेव्हा कळलं मला. साखरेच्या दुखण्यानं डोळे नेलेत तिचे, बरीच वर्षं झाली.

“इंग्रजी सिनेमे तिचे तिला ऐकता येतात,” बियार्नसन म्हणाला. “पण तिला लांबलांबचे हवेत. मग सबटायटल्स मी वाचतो.”

म्हणून “माणसं फार बोलतात का”! म्हणून आवाज!

“वाचतो म्हणजे काय, घोरतो,” सिग्रून म्हणाली. “जन्मभर सरोवरावर मासे धरले यानं. राणी असो नाहीतर चोर, सगळे जाळं ओढल्यासारखे बोलतात. बस गं. केक खा. त्या दिवशी केला होता, तू भांडलीस म्हणून राहिला. आता कडक झाला असेल, तुझीच चूक.”

कडक नव्हता. ताजा होता. नवा केलेला.

‘बसवाला’ लावला. सेनेगालचा — भर उन्हात बस बंद पडते, आत एक नवरी सासरी निघालेली. बियार्नसन टीव्हीला नाक लावून वाचत होता. ड्रायव्हर, नवरी, नवरीची आत्या, सगळ्यांचा एकच घोगरा आवाज. मधूनमधून गरम पाण्याचा घोट. मला आधी हसू येत होतं, नंतर येईना. सिग्रून मान तिरकी करून ऐकत होती. मग एकदम हात वर केला.

“थांब, स्काप्ती. आता मी.”

त्यानं टेप थांबवली. आणि पुढचं तिनं सांगितलं. खऱ्या सिनेमात लोक बस सोडून चालू लागतात, नवरी सगळ्यांच्या मागे. सिग्रूनच्या सिनेमात नवरी ड्रायव्हरला खाली उतरवते, स्वतः बसते, बस सुरू करते, आणि वळवून माहेरी नेते! आत्या बोंबलतेय, कोंबड्या उडतायत! मी पोट धरून हसले.

“पण हे सुचलं कुठून?”

“मनाचं कशाला सांगू? तिच्या बांगड्या सारख्या ड्रायव्हरच्याच बाजूला वाजत होत्या की. ऐकलं नाहीस?”

नाही ऐकलं. हा सिनेमा मी किती वेळा बघितलाय, देव जाणे. घरी येऊन आठवून बघितलं. खरंच, ती तिकडेच बसलेली असते.

निघताना विचारलं, रिवाइंड का नाही करत? बियार्नसन ओशाळला. “ती करू देत नाही. म्हणते मागं नेलीस तर माझा शेवट पुसला जाईल.”

१४ फेब्रुवारी, मंगळवार

बियार्नसन आला. बूट झटकले, टोपी काढली. ‘दोन बहिणींचा’ दिला. पाऊस, पियानो, लाकडी जिना. वॉल्टर म्हणाला, “म्हातारा येतोय तोवर राहू दे तुझी फळी.” फूटपट्टी खणात गेली. आज मी उगीचच सगळ्यांशी गोड बोलले. पाद्रीबाबांशीसुद्धा!

२५ फेब्रुवारी, शनिवार

आता चिठ्ठ्या नव्यानं लिहितेय. कोण कुणाचा मुलगा ते नंतर, आधी आवाज. घंटा, ओली वाळू, दुधाची किटली. गंमत म्हणजे लोक थांबून वाचतात. एका पोरीनं विचारलं, “ओल्या वाळूचा कुठला?” आणि घेऊन गेली.

टेप परत आली की आधी थांबलेली जागा बघते. सिग्रूननं इथं हात वर केला! मग बियार्नसनकडून तिचा शेवट ऐकते. परवा त्या हंगेरीच्या न्यायाधीशाला तिनं बेकरी काढून दिली.

११ मार्च, शनिवार

एक लक्षात आलंय. टेप आता फार लवकर थांबते. आधी निम्म्याच्या जवळपास जायची, मग तिसरा हिस्सा, आज तर जेमतेम गोष्ट सुरू होते तिथंच.

“आवडला नाही का त्यांना?”

“फारच छान होता,” बियार्नसन म्हणाला. आणि शेवट सांगितला नाही. घाईत होता म्हणे.

पुन्हा तेच तोंडदेखलं! सरळ म्हणा ना, ल्यूबाबाई, तुमची निवड घसरली. का हाच वाचायला कंटाळतो? गळ्याचा त्रास होतो त्याला, पण म्हणून तिचा सिनेमा इतक्यात तोडायचा?

१८ मार्च, शनिवार

नुसती नावं पडद्यावर येऊन गेली असतील, तेवढीच टेप फिरलीये. एवढ्यात हात वर केला? माझ्यावर रागावलेत का? की नव्या चौकातल्या मोठ्या दुकानातून नेतात आता, आणि इथं केवळ माझं मन राखायला येतात?

मीही हट्टाला पेटलेय. ‘विहिरीवाला’ काढला, जॉर्जियाचा. पूर्ण गाव खणत असतं आणि पाणी कुठं लागेल हे शेवटपर्यंत कळत नाही. तो ऐकून कुणी उठूच शकत नाही. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘सिग्रूनबाई, हा तरी पुढपर्यंत ऐका!’

बियार्नसननं ती चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली. “वाचून दाखवतो तिला,” म्हणाला.

२८ मार्च, मंगळवार

बियार्नसन आला. दुकानात मी एकटीच होते. डबी ठेवली, ‘फारच छान’ म्हणाला नाही. मी त्याच्यासमोरच उघडली. डावं चाक रिकामं! सगळी टेप उजवीकडे.

“शेवटपर्यंत!” मी ओरडलेच. “बघा, मी म्हटलं नव्हतं? आवडला ना त्यांना?”

टोपी काढायची विसरला होता. आता काढली.

“थांब म्हणायला कुणी नव्हतं,” म्हणाला.

टेप मी रिवाइंड केलेली नाही.